भीतीवर एकतीस मुद्दे

कुंभार पिंपळगावात मी भाड्याच्या खोलीवर सामान उतरवलं, तेव्हा पाण्याच्या आधी कागद आला. ट्रंक अजून ओट्यावरच होती, वडील जीपवाल्याशी बोलत होते, आणि घरमालकांनी माझ्या हातात एक छापील कागद ठेवला. "निवांत वाचा मॅडम. वापस द्यायची गरज न्हाई." 'नूतन वास्तूत प्रवेश करताना ध्यानात ठेवावयाच्या एकवीस बाबी' असं वर ठळक लिहिलं होतं. कोणत्या दिशेला कोणती देवता, उंबरा ओलांडताना कोणता पाय, कोणत्या वारी काय वर्ज्य. कागद उलटला तर मागे सातवीची इतिहासाची चाचणी. नूतन वास्तू म्हणजे बारा बाय दहाची पत्र्याची खोली होती, आणि पायबीय न बघता मी आधीच दोनदा आत जाऊन आले होते.

तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी, काकू, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "आला का तुझ्या वाट्याला? ठीव. डब्यात अंथरायला कामाला येतो."

ज्या हायस्कुलात मी गणित शिकवायला लागले, तिथेच हे घरमालक लिपिक होते. सगळं गाव त्यांना बाबूजी म्हणे, मग मीही म्हणू लागले. नव्वदच्या आसपासची गोष्ट. शाळेचं सायक्लोस्टाइल मशीन त्यांच्या ताब्यात होतं. आताच्या मुलांना ते सांगावं लागेल. मेणाच्या कागदावर टोकदार लेखणीनं अक्षरं कोरायची, तो कागद शाईच्या रुळावर चढवायचा आणि दांडा फिरवायचा. एका फेऱ्याला एक प्रश्नपत्रिका बाहेर पडायची. बाबूजींच्या उजव्या हाताची बोटं या शाईनं कायमची काळी झाली होती. जेवताना भाकरीलासुद्धा ठसे उमटत.

परीक्षा संपल्या की उरलेल्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे रद्दीत जायचे. बाबूजींनी ते वाचवले. मागच्या कोऱ्या बाजूवर ते अध्यात्म छापत. मशीन शाळेचं असलं तरी मेणाचा कागद आणि शाई ते पदरची आणत. त्यात ते एकदम काटेकोर होते, त्यामुळे हेडमास्तरांना काही बोलता येत नसे. पंचकोश, चौदा लोक, नवविधा भक्ती, जपाच्या माळेचे प्रकार, स्वप्नांचे अर्थ, एकादशीला काय चालतं आणि का चालतं. प्रत्येक कागदाला क्रमांक असायचा. मी आले तेव्हा एकशे बेचाळिसावा चालू होता.

हे कागद प्रसंग बघून वाटले जात. बारसं असलं की बारशाचा, कुणी गेलं की दहाव्याला त्याचा. लग्नात अक्षता वाटणाऱ्या माणसाच्या मागोमाग बाबूजी कागद वाटत यायचे, आणि लोकांच्या एका मुठीत अक्षता, दुसऱ्या मुठीत गृहस्थाश्रमाची कर्तव्यं. दुसऱ्या दिवशी रस्त्यात गाठून विचारायचे, "वाचला का?" वाचला म्हटलं की खूश. कसा वाटला, काही पटलं का, हे त्यांनी कुणालाही विचारलेलं मी ऐकलं नाही.

माहिती मिळवायला ते सप्ताहांना जात. घनसावंगीला, राजूरला, जिथे कीर्तन असेल तिथे जीपच्या मागच्या फळीला लटकून. हातात डायरी. कीर्तनात लोक डोलत, टाळ्या वाजवत, बायका डोळे पुसत. बाबूजी मान खाली घालून आकडे टिपत. एकदा हौसेनं मीही त्यांच्याबरोबर राजूरला गेले. गणपतीचं दर्शन घेतलं, कीर्तन ऐकलं, आणि पंगतीत बसले तर बाबूजी कुठे दिसेनात. बघते तर ते महाराजांच्या पानासमोर उकिडवे बसलेले. महाराजांच्या हातात पुरी, तोंडात घास.

"महाराज, तुम्ही आता भक्ताची लक्षणं नऊ सांगितली. मागच्या साली हितंच दुसऱ्या महाराजांनी बारा सांगितल्ती. बराबर कोणती?"

महाराजांनी घास गिळला. "दोन्ही बरोबर."

"असं कसं? तिनाचा फरक हाय."

"तुम्ही जेवलात का बाबा?"

"ते होईल. आधी हे सांगा."

महाराजांनी वाढप्याला हाक मारली आणि स्वतःच्या शेजारी त्यांच्यासाठी पान मांडायला लावलं. बाबूजी जेवले, पण परतीच्या जीपमध्ये त्यांचा जीव तळमळत होता. "बघा मॅडम, टाळून राह्यले का न्हाई? न्हाईतर सरळ आकडा सांगितला असता." मी गणितवाली असल्यानं या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आधी माहिती, मंग बाकीचं." घरात देवघर होतं, पण देवांसमोर मेणकागदांचे खोके रचलेले असत आणि गणपतीची फक्त सोंड दिसे. ध्यान म्हणजे काय यावर त्यांचे चार कागद होते. ध्यानाला बसलेलं मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी एकदा विचारलं, "बाबूजी, ते बाकीचं कधी?"

"रिटायर झाल्यावर," ते गंभीरपणे म्हणाले. "बसायचं तर बिलकुल पक्कं बसायचं. लोकरीचं आसन का दर्भाचं, हेच अजून नक्की व्हायचंय."

पुढे ते रिटायर झाले तेव्हा मी बदलून जालन्याला आले होते. एव्हाना टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ प्रवचनांच्या वाहिन्या सुरू झाल्या होत्या. बाबूजी दोन वाहिन्या आलटूनपालटून लावत आणि एकीवरचे आकडे दुसरीवर पडताळून बघत. आसनाचा निकाल तेव्हाही लागलेला नव्हता.

पण मला त्यांच्यावर नुसतं हसता यायचं नाही, त्याला कारण पिंपळगावातली एक चाचणी परीक्षा. शिपायानं कपाटातून सातवीच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा काढला, तो नेमका बाबूजींचा निघाला. एका बाजूला मागच्या वर्षीचा इतिहास, दुसऱ्या बाजूला 'षड्रिपू : लक्षणे व उपाय'. प्रश्नपत्रिका करायची सवय असल्यानं प्रत्येक कागदाच्या तळाला ते दोन-तीन प्रश्न घालत. 'यांपैकी कोणता शत्रू आपल्यात आहे? उदाहरणासह स्पष्ट करा.' वर्गावर कुणी शिक्षक नव्हते. निम्म्या मुलांनी इतिहास सोडवला आणि निम्म्यांनी तासभर मान वर न करता षड्रिपू सोडवले. हेडमास्तरांनी बाबूजींना बोलावून चांगलं झापलं. बाबूजींनी ऐकून घेतलं आणि षड्रिपूंच्या उत्तरपत्रिका तपासायला घरी आणल्या.

संध्याकाळी एक पेपर घेऊन ते माझ्या दाराशी आले. एका मुलीनं लिहिलं होतं, 'मत्सर म्हणजे काय ते मला येत नाही. पण माझ्या बाकावरची मुलगी नवीन रिबिनी लावून येते तेव्हा मला तिच्या वेण्या ओढाव्या वाटतात. मग मी खिडकीतून बाहेर बघते.' बाबूजींनी तो दोनदा वाचून दाखवला.

"येत न्हाई म्हणती अन् बराबर सांगती. उपायबी सांगितला. मी छापलेल्या उपायांत हा न्हाईच." ते जरा अस्वस्थ झाले होते. "किती मार्क द्यावं हो?"

"दहापैकी दहा," मी म्हटलं. त्यांनी साडेसात दिले. व्याख्या लिहिली नव्हती ना!

काकूंना या सगळ्यात कवडीचाही रस नव्हता. चौथीपर्यंत शिकलेल्या, बोलायला तिखट, अंगानं धडधाकट. "आमच्या घरात देव कमी अन् देवाची माहिती लई," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायच्या. न्हाणीत साप निघाला तेव्हा बाबूजी सर्पांच्या जाती सांगत होते आणि काकूंनी चिमट्यात धरून तो बाहेर टाकला होता. त्या बाईला कशाची भीती असेल असं मला वाटलं नव्हतं.

माझ्या तिसऱ्या वर्षी काकूंचं दुखणं वाढलं. गर्भपिशवीचं ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं आणि जालन्याच्या एका दवाखान्यातली तारीख ठरली. त्याला बावीस दिवस होते. काकूंची थोरली बहीण असल्याच ऑपरेशनला गेलेली परत आली नव्हती. गुंगीचं औषध दिलं, ती उठलीच नाही. स्वयंपाक करता करता काकूंचा हात मध्येच थांबायचा आणि तव्यावरची भाकर करपायची.

एका सकाळी मी चहाला बसले होते. काकू सुपात ज्वारी पाखडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "अवो, एक विचारू का?"

बाबूजी मेणकागद कोरत होते. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"ती सुई टोचतेत अन् माणूस झोपतं. झोपायच्या आधी लई भ्या वाटलं तर मनात काय धरायचं? एकच सांगा. मला लई सांगू नका."

तीस वर्षांच्या संसारात या विषयातलं काही काकूंनी त्यांना पहिल्यांदाच विचारलं होतं. बाबूजींचा चेहरा इतका उजळला की मला त्यांची दयाच आली. "देतो की!" ते म्हणाले. "पक्की माहिती काढून देतो."

त्यांनी शाळेत रजा टाकली. घनसावंगीला जाऊन आले, राजूरला जाऊन आले, जुन्या डायऱ्या काढल्या. दहाव्या दिवशी कागद तयार झाला. क्रमांक एकशे सत्त्याऐंशी. 'भय : प्रकार, कारणे व निवारण'. एकतीस मुद्दे. काकूंनी हात पुसून तो घेतला, अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागल्या आणि सातव्या मुद्द्यावर थांबल्या. मग उलटला. मागे माझीच आठवीची चाचणी होती, शंकूचं घनफळ.

"मी एकच मागितल्तं," असं म्हणून त्यांनी तो घडी करून फडताळात सरकवला. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चिडल्या नाहीत.

बाबूजींना ते लागलं. तिथून पुढे त्यांनी मुद्दे कमी करायला घेतले. एवढ्या वर्षांत त्यांनी माहिती वाढवलीच होती. कमी कशी करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन हिशेब द्यायचे. आज एकतिसाचे अकरा झाले. आज पाच. पाचाचे तीन झाले आणि गाडी अडली. पहिला म्हणे, देवाचं नाव घट्ट धरावं. दुसरा म्हणे, काहीच न धरता भीतीकडे नुसतं बघत राहावं. तिसरा म्हणे, होईल ते होऊ द्यावं.

"तिन्ही मोठ्या माणसांचं हाय मॅडम. पण एक धरा म्हणतो, दुसरा सोडा म्हणतो. कसं करू?"

"कोणतंही एक सांगा ना बाबूजी. त्यांना आधार पाहिजे आहे."

"तुमच्या गणितात कोणतंही एक उत्तर चालतं का?"

मला त्यांचा राग आला होता. आत ती बाई भाकरी करपवत होती आणि हे दारात उभे राहून तीन भागिले एक करत होते.

जालन्याला जाताना मीही बरोबर गेले. आम्ही अंबडवरून जीपनं गेलो. काकू खिडकीशी बसल्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. बाबूजींच्या शर्टाच्या खिशात त्या तीन मुद्द्यांच्या तीन चिठ्ठ्या होत्या. अंबडला जीप थांबली तेव्हा त्यांनी त्या काढून वाचल्या आणि परत ठेवल्या. दवाखान्यात पोचल्यावर पुन्हा काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स आली. हिरवा झगा चढवला, बांगड्या उतरवल्या. मंगळसूत्राची गाठ काकूंना सुटेना, तेव्हा मीच ती सोडवली आणि ते रुमालात बांधून घेतलं. त्या स्ट्रेचरच्या गाडीवर आडव्या झाल्या. दोन माणसं ती ढकलत निघाली, शेजारून बाबूजी, मागे मी. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी गाडी थांबली. काकूंनी मान वळवली.

"मंग? काय ठरलं?"

बाबूजींचा हात खिशाकडे गेला. चिठ्ठ्या अर्ध्या बाहेर आल्या, आणि हात तिथंच थांबला. आतून कुणीतरी "चला, चला" म्हणालं. मग ते एकदम वाकले आणि काकूंच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलले. पाच-सहा शब्द असतील. काकूंनी त्यांच्याकडे डोळे मोठे करून बघितलं. दार बंद झालं.

ठरलं म्हणायचं एकदाचं, मी मनात म्हटलं.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोन तास बसलो. शेजारी कुणी अनोळखी म्हातारा होता, त्याची सून आत होती. तो बिचारा बोलायला आला, "कसं हुईल हो? लई फिकीर लागली." बाबूजींच्या पिशवीत एकशे सत्त्याऐंशीच्या पन्नास प्रती होत्या. त्यांनी पिशवीला हात लावला नाही. म्हाताऱ्याला थोडं सरकून जागा करून दिली, एवढंच.

मला राहवलं नाही. "बाबूजी, तिनातलं कोणतं सांगितलं?"

"एकबी न्हाई." ते फरशीकडे बघत होते. "मॅडम, मी नापास झालो. वीस वर्षं गोळा करून राह्यलो, अन् बायकोनं एक वाक्य मागितलं तर ते मला आलं न्हाई. पार कोरा झालो."

"मग कानात काय बोललात?"

"ते सांगण्यासारखं न्हाई. उलटंच करून बसलो. असल्या वक्ताला माणसानं बोलू नये तेच बोललो."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते शाईच्या बोटांनी पुसत होते, त्यामुळे गालावर काळे पट्टे उमटले होते. एरवी मी हसले असते. तेव्हा मला हसू आलं नाही, आणि आदल्या आठवड्यात त्यांच्यावर रागावल्याची लाज वाटली.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर बाहेर येऊन तसं म्हणाले तेव्हा बाबूजी उठायचेच विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांच्या वॉर्डात मी काकूंजवळ बसले होते. आवाज खोल गेला होता, पण जिभेची धार तीच होती. नर्सला नावं ठेवून झाली, शेजारणीच्या नातेवाइकांना ठेवून झाली. मग मी हळूच विचारलं, "काकू, दाराशी बाबूजींनी काय सांगितलं हो?"

काकूंनी आधी वॉर्डाच्या दाराकडे बघून घेतलं.

"म्हणले, मला काहीच आठवंना. मलाच लई भ्या वाटून राह्यलंय."

बाबूजी बाकावर का रडत होते ते मला आत्ता कळलं.

"मग? तुम्ही अजूनच घाबरला असाल."

"आगं, कुठलं!" काकू हसल्या आणि टाके दुखले म्हणून कळवळल्या. "मला वाटल्तं, ह्या माणसाला समदं ठाव हाय, भ्या म्हणून काही वाटतच न्हाई. त्याचं तोंड बघितलं तर हे एवढुस्सं. म्हणलं, आता ह्याचं कसं? हा त्या बाकावर बसंल अन् उठायचा न्हाई. जालन्यात ह्याला खानावळ सापडायची न्हाई. रात्रीचं धोतर बदलायचं तर पिशवीत कुठं ठिवलंय तेबी ठाव न्हाई. म्हणलं, मला वापस जाया पायजे. ह्याच फिकिरीत त्यांनी सुई कवा टोचली, मला पत्ताच लागला न्हाई बघ."

"आणि भीती?"

"ती कुठं गेली काय माहीत."

तेवढ्यात वॉर्डाच्या दारात बाबूजी दिसले. आत यावं की नाही अशा बेतानं उभे होते. काकूंनी हातानं बोलावलं तेव्हा आले आणि खाटेच्या पायथ्याशी थांबले.

"चुकलं माझं," ते खाली बघत म्हणाले. "तू एकच मागितल्तं. ऐनवेळी मी काही देऊ शकलो न्हाई."

आता काकू यांना सगळं सांगतील, असं मला वाटलं. पण त्या त्यांच्या शाईनं काळवंडलेल्या गालांकडेच बघत होत्या.

"कालपून जेवलात का?"

"न्हाई."

काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग सलाईन लावलेला हात कसाबसा उचलून उशाशी ठेवलेल्या लुगड्याच्या पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि म्हणाल्या, "या हितं. वाका जरा."